सुईची नेहमीची जागा

खिसे तपासले म्हणजे काय! घरात चोर शिरला तरी त्याच्या खिशात हात घालण्याआधी लोक चार माणसं गोळा करतात. आणि इथे सुनेने सकाळी उठून, स्वतःचं तोंडही न धुता, खुंटीवरचा सासूचा कामाचा एप्रन काढला, दोन्ही खिसे उलटे केले आणि आतला ऐवज स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून ठेवला. खडूचा तुकडा, मापाची फीत, दोऱ्याला लावायचं मेण, जाड सुया टोचून ठेवलेला फोमचा ठोकळा आणि कागदात गुंडाळलेली खोकल्याची एक गोळी. ती गोळी तिने उजेडाकडे धरली, कागदाचं टोक सोडवलं आणि हुंगली. मोठ्याबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. अख्खा कारखाना त्यांना मोठ्याबाई म्हणत असे. घरातही मुलगा आणि सून सोडली तर त्यांना दुसरी हाक नव्हती, आणि त्यांच्या खिशात हात घालायची छाती आजवर कुणाला झाली नव्हती.

"खोकल्याची आहे," बाई म्हणाल्या. "खोकला माझा आहे. की त्याचीपण चौकशी लावायचीय?"

सून दचकली नाही. तिची हीच तर खोड. पकडलं गेल्यावर माणसाने निदान मान तरी खाली घालावी. "आई, यातही साखर असते," ती म्हणाली.

"असेल. पण ती अजून कागदात आहे. पोटात नाही."

खरं तर सकाळ बिघडवली होती मशीनने. बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर लावलं की मशीन क्षणभर विचार करतं आणि मग आकडा सांगतं. अक्षरं बाईंना जेमतेम लागत, एकेक चाचपून. आकड्यांशी मात्र त्यांचं वाकडं नव्हतं, मापं घेण्यात जन्म गेलेला. आज आकडा तीनशेच्या पुढचा होता. रात्री उकडलेल्या भाज्या आणि एक अंडं, त्यावर इंजेक्शन, आणि सकाळी तीनशेच्या पुढे! साखरेशी बाईंची ओळख जुनी. घरातल्या जुन्या भाडेकरूसारखी ती त्यांना माहीत होती: कशाने चिडते, कशाने गप्प बसते, ताप आला की कशी फुगते, फिरून आलं की कशी नमते. पण गेले काही आठवडे या भाडेकरूने ताळतंत्र सोडलं होतं. कधी दुपारी नीट असायची, संध्याकाळी डोक्यावर चढून बसायची. खाल्लं तेच, घेतलं तेच, चाललं तेवढंच. डॉक्टरांनी दोनदा इन्सुलिन वाढवून दिलं, आणि वाढवलेलं औषध जणू विहिरीत ओतावं तसं कुठे जात होतं कुणास ठाऊक. मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो परवा शेजारी येऊन बसला आणि अगदी हळू, आजाऱ्याशी बोलतात तसा बोलला, "आई, खाल्लंस तर खाल्लंस. मी काही म्हणणार नाही. नुसतं खरं सांग." त्या मऊ आवाजाने बाईंच्या अंगावर काटा आला. नंतर तो म्हणाला की असंच चाललं तर कारखान्यात येणं बंद करू, घरी एक बाई ठेवू लक्ष ठेवायला. लक्ष ठेवायला! जिने बापाच्या माघारी धंदा उभा केला, कारागिरांच्या दोन पिढ्यांना सुई धरायला शिकवलं, तिच्यावर एक परकी बाई खुर्ची टाकून लक्ष ठेवणार. आज दुपारी डॉक्टरांकडे जायचं होतं. काय ते आज ठरेल, असं मुलगा म्हणाला होता. बाईंना ठाऊक होतं, ठरलेलंच आहे. खोटारडीचं काय ठरवायचं असतं?

आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही, की ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. हल्ली सकाळी जाग आली की मशीन काढायच्या आधी बाई स्वतःच स्वतःची झडती घेत. नखांत काही कण आहेत का बघत. तळहात हुंगत. आरशासमोर जीभ बाहेर काढून न्याहाळत. झोपेत माणसं चालतात, दारं उघडतात, असं त्यांनी ऐकलं होतं. मग एखादं म्हातारं माणूस झोपेत डबा उघडून खात नसेल कशावरून? एकदा तर त्यांनी बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला दोरा बांधून ठेवला, आणि सकाळी तो होता तसा सापडल्यावर आनंद व्हायच्या ऐवजी मनात आलं, दोरा मीच बांधला, मीच सोडला असेल, गाठ तर माझ्याच हातची आहे. आपल्यावर आपलाच विश्वास उरला नाही की घर कसं परकं होतं! भिंती त्याच, पण त्या आपल्याकडे बघतात. सुनेने खिसे उलटे केले तेव्हा राग आला तो म्हणूनच इतका आला. बाई रोज जे चोरून करत होत्या ते तिने उजेडात केलं होतं.

कारखान्यात पाऊल टाकलं की मात्र त्यांना नेहमी बरं वाटे. रेक्झिनचा वास, चिकटवायच्या सोल्युशनचा वास, भिंतीला टेकलेल्या उघड्या खुर्च्यांच्या स्प्रिंगा. कुठल्या कुठल्या खुर्च्या येत! वकिलाच्या ऑफिसातल्या, केशकर्तनालयातल्या, दवाखान्यातले लांब बाक, एखाद्या थिएटरची अख्खी रांग. माणूस उठून जातो, पण बसलेला आकार खुर्चीत ठेवून जातो, आणि तो पुसून खुर्ची पुन्हा कोरी करणं हा बाईंचा धंदा. सगळ्यात जुना कारागीर म्हणजे खिळेमामा. बारीक खिळे तोंडात धरून एकेक जिभेने पुढे सरकवायची त्याची सवय, त्यामुळे तो दिवसभर बोलतच नसे, आणि बोललाच तर ओठांच्या एका कोपऱ्यातून. आज त्याने बाईंचा चेहरा बघितला, खिळे हातात थुंकले आणि विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. माझ्या घरात पोलीस चौकी उघडलीय."

"मग बरं झालं," खिळेमामा म्हणाला. "चोऱ्या कमी होतील," आणि खिळे पुन्हा तोंडात टाकले.

बाई हसल्या नाहीत, पण त्यांना हलकं वाटलं. समोर डॉक्टरी बाकाचं जुनं कव्हर उसवून पडलं होतं. कडेचं पाईपिंग नवं लावून तेच पुन्हा शिवायचं होतं. नव्याने लागलेली मुलगी शिलाई मशीनवर बसली होती. बाईंनी तिचा हात धरला. "थांब. कुठे घालतेस सुई? रेक्झिनला भोक पडलं की पडलं. कापड भोक विसरतं, रेक्झिन विसरत नाही. उसवलेलं शिवताना सुई जुन्याच भोकातून गेली पाहिजे. नवं भोक पाडशील तर चाळण होईल आणि बसणाऱ्याच्या वजनाने फाटेल." हे वाक्य त्यांच्या बापाचं. बाप शाळेबद्दल काही बोलला नाही, दुसऱ्या इयत्तेतून काढून मशीनवर बसवलं तेव्हाही नाही, पण हे वाक्य त्याने इतक्यांदा सांगितलं की ते बाईंच्या हाडांत जाऊन बसलं होतं. आणि हातात सुई आली की ती कुणाचीही असो, शिवायची की इंजेक्शनची, हाडं आपापलं काम करत. इन्सुलिनचं पेन पहिल्यांदा हातात आलं तेव्हा नर्सने काय काय सांगितलं होतं, इथे घ्या, तिथे घ्या, पण बाई बेंबीच्या डाव्या बाजूला एक जागा धरून बसल्या. उगाच सगळ्या अंगाची चाळण कशाला? सुरुवातीला ती जागा दुखे. मग शहाणी झाली. आता सुई कधी गेली कधी आली कळतही नसे, आणि रोज पेन टेकवताना बाईंना त्या जागेची माया वाटे. बिचारी एकटी सगळ्या अंगासाठी सोसते, म्हणत. घरात असं एखादं माणूस असतं.

त्यांच्या आईला पेन नव्हतं. होती ती कडू गोळ्यांची बाटली आणि तिला चुकवायच्या शंभर वाटा. आईलाही साखर होती. आई मात्र खरोखर चोरून खायची. उशीच्या खोळीत लिमलेटच्या गोळ्या ठेवायची, आणि ती कूस बदलायची तेव्हा उशीतून कागदाचा कुरकुर आवाज यायचा. खोलीतल्या सगळ्यांना तो ऐकू यायचा. भाऊ ऐकायचे, वहिन्या ऐकायच्या, भेटायला आलेली आत्या ऐकायची, आणि आवाज आला की सगळे एकदम हवेबद्दल बोलायला लागायचे. किती चांगली माणसं होती ती! आईला कुणी एका शब्दाने दुखावलं नाही. कुणी उशी उचलून बघितली नाही. उलट जाता येता कुणी ना कुणी तिच्या हातावर काहीतरी गोड ठेवायचं, एवढ्याशाने काय होतंय, म्हातारं माणूस आहे, असू दे. आधी अंगठा काळा पडला. मग तो काढला. मग पाय. मग आई एवढीशी झाली, बिछान्यात कुठे आहे ते शोधावं लागे, आणि तेव्हाही सगळे हवेबद्दलच बोलत होते. बाईंना आजही तो कुरकुर आवाज मधूनच ऐकू येई, नवं फोम प्लास्टिकमधून काढताना तर हमखास, आणि हात थांबत. आपण तिचीच लेक. रक्तात साखर आली तशी लबाडीही आली असेल, झोपेत का होईना? दुपारपर्यंत त्यांनी कात्रीला हात लावला नाही. खडूने रेघा मारत राहिल्या आणि पुसत राहिल्या.

दवाखान्यात मुलगा आला नाही. त्याला माल पोचवायचा होता. सून आली. वाटेत दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नाहीत. रस्ता ओलांडताना सुनेने कोपर धरलं तेवढंच, आणि पलीकडे पोचल्यावर बाईंनी ते सोडवून घेतलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. बाईंची नजर आधी त्यांच्या स्टुलावर गेली. टाके लांबलचक, कोपऱ्यात फोम बाहेर. असल्या स्टुलावर बसणारा माणूस आता आपल्याला शहाणपण शिकवणार. डॉक्टरांनी मशीनमधले जुने आकडे बघितले, रक्ताचा रिपोर्ट बघितला, आणि त्यांच्या तोंडावर तो मऊपणा पसरला. मुलाच्या आवाजातला तोच. "आजी," ते म्हणाले, "डोळ्याच्या पडद्यावर थोडं दिसायला लागलंय. हे असंच वर राहिलं तर बारीक काम करणं अवघड होईल. औषध तर मी भरपूर दिलंय. आता खाण्यात काही... म्हणजे कधीमधी होतंच माणसाच्या हातून..."

बाईंनी ओठ मिटून घेतले. आयुष्यभर त्यांना वाटत आलं होतं की खऱ्या माणसाने खुलासे द्यायचे नसतात. खुलासा दिला की माणूस अर्धा खोटा होतो. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. भिंतीवर पायाचं एक मोठं चित्र होतं, आतल्या सगळ्या शिरा दाखवणारं. उन्हाची तिरीप त्याच्या टाचेवर पडली होती. आता हे डोस वाढवतील, मग घरी परकी बाई येईल, मग खिडकीशी बसून राहणं, आणि आईसारखंच सगळ्यांचं हवेबद्दल बोलणं. चित्रातला पाय जड होत चालला आहे असं त्यांना वाटलं. की आपलाच?

"त्यांनी काही खाल्लेलं नाही," सून म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली, नातेवाईक असं म्हणतातच अशी.

"नाही, तसं नाही. ऐका माझं." सुनेचा आवाज चढला. तोच तो घरातला आवाज, ज्याने बाईंचं डोकं उठे. "मलाही वाटलं होतं खातात म्हणून. मी कपाटं बघितली. गादीखाली बघितलं. कारखान्यातला त्यांचा ड्रॉवर बघितला, एप्रनचे खिसे आज सकाळी बघितले. कचऱ्याची पेटी उलटी केली. त्यांचा चहा मीच करते आणि मीच प्यायलेला कप धुते. एक दाणा सापडला नाही. मी शोधायला लागले की सापडल्याशिवाय सोडत नाही, घरी कुणालाही विचारा. त्या तोंडाने फटकळ आहेत, पण खोटं बोलत नाहीत. तेव्हा खाण्याचं सोडा आणि दुसरं काय असेल ते बघा. आज बघा. आम्ही बसलोय."

बाईंनी सुनेकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काय झालं असतं ते त्यांना सांगता आलं नसतं. पोलिसाने साक्ष दिली होती. ड्रॉवरही बघितला होता म्हणे! ते माहीतच नव्हतं. रागाची एक सणक उठली आणि वरच्या वर विरून गेली, कारण तिच्याखाली दुसरंच काही होतं, गार पाण्यात पाय सोडल्यासारखं. म्हणजे मी झोपेत खात नाही. हिने शोधलं आणि सापडलं नाही, म्हणजे नाहीच. मी माझ्या आईची आहे, पण मी खात नाही.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. मऊपणा गेला, आणि त्याच्या जागी काम करणाऱ्या माणसाचा चेहरा आला. बाईंना तो ताबडतोब आवडला. ते म्हणाले, "इंजेक्शन कुठे घेता?"

"पोटात."

"पोटात कुठे? दाखवा बरं."

पडद्याआड बाकावर आडवं होऊन बाईंनी बोटाने जागा दाखवली. डॉक्टरांनी आधी बघितलं, मग तिथे तीन बोटं ठेवून हळूच दाबली, सरकवली, पुन्हा दाबली. "आजी, तुम्हीच हात लावा. असा, सपाट." बाईंनी तळवा ठेवला. डोळे मिटून उशीवरून हात फिरवला तर आतली कापसाची गाठ त्यांना सापडे. खिळेमामाच्या कामातही त्यांनी असल्या गाठी काढून दाखवल्या होत्या. आणि हे इथे, बेंबीच्या शेजारी, चांगली अर्ध्या लिंबाएवढी, रबरासारखी, बाकीच्या पोटाहून वेगळी. रोज सुई इथे जात होती. हात कधी गेला नव्हता.

"एकाच जागी टोचून टोचून चरबीची गाठ झालीय," डॉक्टर म्हणाले. "धोक्याची नाही. पण औषध तिच्यात अडकतं. कधी थोडं झिरपतं, कधी नाही. म्हणून एक दिवस साखर नीट आणि दुसऱ्या दिवशी आभाळात. मी वाढवत गेलो, तुम्ही गाठीत भरत गेलात. हे मीच आधी बघायला हवं होतं. पण आजी, एकच जागा का धरलीत?"

बाईंनी सांगितलं. रेक्झिनचं, जुन्या भोकाचं, चाळणीचं, बापाचं. सांगता सांगता त्यांना जाणवलं की हे पडद्याआड पोट उघडं टाकून बोलताना किती वेगळं वाटतंय. पडद्यापलीकडून सुनेच्या हसण्याचा आवाज आला, दाबलेला, नाकातून. मग डॉक्टरही हसले, आणि बाईंना स्वतःला आश्चर्य वाटलं की आपल्याला राग येत नाही.

"कातडी रेक्झिन नाही, आजी. भरून येते. रोज जागा बदला, दोन बोटं सरका. कधी पोटाची दुसरी बाजू, कधी मांडी. या गाठीला आता सुट्टी द्या. ती हळूहळू बसेल. आणि डोस मी कमी करतोय, विसरू नका, कारण नव्या जागेतून सगळं औषध लागेल, साखर एकदम खालीही येऊ शकते. थरथरलं, घाम फुटला तर मशीन लावा आणि लगेच साखर खा. खिशात ठेवतच जा."

"खिशात?" बाई म्हणाल्या. "आमच्याकडे खिशांची तपासणी होते."

पडद्यापलीकडे आता कुणी हसलं नाही.

घरी येताना ऊन कलतं होतं. रस्ता तोच, पण बाईंना सगळं धुतल्यासारखं दिसत होतं: दुकानांच्या पायऱ्या, दारात झाडू मारणारा न्हावी, सायकलला टेकून बोलणाऱ्या दोघीजणी. किती वर्षं हे शरीर आपण वागवतो आणि एका तळव्याएवढ्या जागेचीही खबर नसते. त्या गाठीचाही त्यांना राग येईना. बिचारी. दिलं ते साठवत राहिली, नाही म्हणाली नाही, आणि सगळं अंग उपाशी राहिलं. माणसं अशीच असतात, बाईंना वाटलं, ज्यांना आपण सोशिक म्हणून डोक्यावर घेतो. दुखलं तर सांगत नाहीत. आणि दुसरी असतात दुखवणारी, दारं उघडणारी, हुंगणारी, चारचौघांत आवाज चढवणारी. रस्ता ओलांडताना सुनेने पुन्हा कोपर धरलं. पलीकडे पोचल्यावर बाईंच्या ते सोडवून घ्यायचं लक्षात राहिलं नाही.

संध्याकाळी पहिल्यांदा मांडीत सुई घातली. दुखलं. चक्क "आई गं" तोंडून निघालं, कित्येक वर्षांनी, आणि बाईंना हसूच आलं. जिवंत कातडी! हिला अजून कळतं! सून शेजारी बसून बघत होती, तिने विचारलं, "दुखलं का?" बाई म्हणाल्या, "दुखेल नाही तर काय, गुदगुल्या होतील?" पण ते शब्द रोजच्यासारखे टोचले नाहीत.

पुढच्या सकाळी आकडा खाली आला, त्याच्या पुढच्या सकाळी पुन्हा थोडा चढला, मग उतरला. साखर काही एका दिवसात शहाणी होत नाही. एकदा दुपारी कटिंगच्या टेबलापाशी बाईंच्या कपाळावर घाम फुटला, बोटं थरथरली, तेव्हा त्यांनी मशीन लावलं आणि सगळ्या कारखान्यादेखत साखर तोंडात टाकली. खिळेमामा बघत राहिला आणि ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला, "उघड उघड?" डॉक्टरांनी डोस आणखी थोडा उतरवला. परक्या बाईचा विषय मुलाने काढला नाही. तो नुसता रोज आकडा विचारी आणि "वा" म्हणे. त्याचं ते "वा" बाई ऐकून घेत. पोरगा वाईट नव्हता. प्रेमळ होता, आणि प्रेमळ माणसांना जेवढं जमतं तेवढं तो करत होता.

मग एका सकाळी मशीनने असा आकडा दाखवला की बाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितला. असा त्यांनी फार दिवसांत बघितला नव्हता. सून ओट्याशी चहा करत होती. बाईंनी मशीन तिच्यासमोर धरलं. तिने बघितलं, गॅस बारीक केला, आणि पाठ फिरवलेली तशीच ठेवून म्हणाली, "आई, त्या दिवशी ते खिशांचं... ड्रॉवरचं. तसं करायला नको होतं मी. चुकलं माझं. पुन्हा नाही होणार असं."

बाईंनी मशीन टेबलावर ठेवलं. अंगात कुठेतरी खोलवर सगळं जागच्या जागी बसल्यासारखं वाटत होतं. आता बोललं नाही तर राहूनच जाईल, हे त्यांना कळत होतं. आणि गोड बोलायची सवय तोंडाला नव्हती, ती आता कुठून आणणार?

"इकडे बघ," बाई म्हणाल्या. "पाठीशी काय बोलू? हां. चुकलं तर चुकलंच. माझ्याशी इतकं वाईट कुणी वागलं नव्हतं, माझ्या नवऱ्याची टाप नव्हती. पण शोधलंस, आणि नाही सापडलं तेव्हा नाही म्हणून तोंडावर सांगितलंस, त्या डॉक्टरला सरळ केलंस. बाकीचे सगळे माझ्याशी चांगले वागत होते गं, आणि चांगलं वागता वागता मला पोचवणार होते. तेव्हा पुन्हा होणार नाही बिणार नाही, हे मला चालायचं नाही. वाईट वागलीस, तशीच वाग. ज्या दिवशी माझ्याशी गोड बोलायला लागशील ना, त्या दिवशी या घरात तुझं आणि माझं जमायचं नाही, सांगून ठेवते."